जक्कयनं आधी पैसे परत केले

संपादक साहेब,

रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाणं, नाताळला घरावर तारा लावणं, शेजारी नेवऱ्या वाटणं एवढ्यावरच आम्ही स्वतःला ख्रिस्ती म्हणवून घेतोय, हे मला अलीकडे फार खटकतंय. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात 19 व्या अध्यायात जक्कयची गोष्ट आहे, तो जकातदारांचा प्रमुख, येशू त्याच्या घरी उतरला तसा जक्कय म्हणाला की निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. पहिली गोष्ट पैशाची काढली बगा त्यानं.

आमच्या गल्लीत एक मावशी किराणा दुकान चालवतात. मागच्या महिन्यात बैलहोंगलकडच्या एका कन्नड आजीच्या बिलात 180 रुपये जास्त लागले हे त्यांना रात्री वही बघताना कळलं, दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून बसनं गेल्या, मोडक्या कन्नडमधी पत्ता विचारत विचारत. आजीनं बसवून घेऊन ताक दिलं. मावशी कुणाला काही बोलल्या नाहीत, मला कंडक्टरकडनं कळलं.

आणि आमच्यातलेच काही जण सीमावाद पेटला की व्हॉट्सअॅपवर वाट्टेल ते फॉरवर्ड करतात आणि रविवारी मिस्सात शेजाऱ्याला शांतीचं अभिवादन करतात, मला हे सहन होत नाही. कामवालीचा पगार वेळेवर, भाडेकरूचं डिपॉझिट पूर्ण परत, यावर फादरांनी ईस्टरआधीच्या उपवासकाळात तरी एक प्रवचन द्यावं ही कळकळीची विनंती.

एक वाचक, कॅम्प, बेळगाव