गयेचं पक्कं केलंय

ती. आई-बाबांस, सा. न.

गयेची नोकरी मी घेतली. आधी विचारायला हवं होतं, पण तुम्ही नाही म्हटलं असतं तर पाय निघाला नसता. रागवा, फक्त पूर्ण वाचून मग.

बाबा, काम आहे बिहार सरकारच्या 2018च्या सतत जीविकोपार्जन योजनेचं. पूर्वी दारू-ताडी विकून पोट भरणारी आणि अगदी तळातली घरं यात घेतात. आई, तुझा बचत गट चांगलाच, पण या बायकांकडे आठवड्याचे दहा रुपयेही नसतात. गट त्यांना घेतच नाही. म्हणून इथे कर्ज नाही. ग्रामसंघ, म्हणजे गावातल्या बचत गटांचा मिळून संघ, शेळ्या किंवा दुकानाचा माल घेऊन देतो, शिवाय 7 महिने दरमहा 1000 रुपये. खरी गोम त्या हजारात आहे. शेळी 5 महिने गाभण, पुढे करडू विकण्याजोगं व्हायला आणखी सहा-आठ महिने. तोवर घरात दाणा नसला की शेळीच बाजारात जाते.

बिघडतं ते बारीकसारीक गोष्टींत. यादी ठरते त्या बैठकीला सगळ्यात गरीब बाई मजुरीवर गेलेली असते, म्हणून घरोघर पडताळणी. आठवडी बाजारातली शेळी रोग घेऊन येते. त्यापेक्षा शेजारच्या गावातून दोन-चार दाती, म्हणजे तरुण शेळी बघून घ्यावी, पंधरा-वीस दिवस वेगळी बांधावी, पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस टोचावी, पावसाळ्याआधी जंताचं औषध पाजावं. दुकान बुडतं उधारीने. काकांचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको.

हे खूळ नाही, बाबा. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने 2002 मध्ये अशाच पद्धतीचं काम सुरू केलं, मग 6 देशांत पारखलं. मदत थांबून वर्ष झाल्यावरही बहुतेक ठिकाणी घरं सावरलेली होती. होंडुरासात मात्र कोंबड्या रोगाने मेल्या आणि सगळं पाण्यात गेलं. दर आठवड्याला दारात जाऊन जनावर बघणारं माणूस लागतं ते यासाठीच.

खोली हवेशीर आहे, खाली घरमालकीण राहते. मी पाणी गाळून पिते. भात-डाळ-चोखा मिळतो. मेतकूट संपलं की रडू येईल, तेव्हा आई, आत्ताच थोडं जास्त कर.

आता ऐका. गॅस दारात आल्यावर सिलिंडर बाबांनी उचलायचा नाही. गुडघ्यांची तारीख चुकवायची नाही. मावशीला सोबत यायला सांगितलंय, तिला नको म्हणू नका. आणि साखर रिकाम्या पोटी तपासून आकडा कळवा. ‘बरं आहे’ चालणार नाही.

तुमची,
छोटी