आईचा दोरा जपून ठेवणाऱ्या ताईंना, स्वित्झर्लंडच्या सेंट गालेनमधून

ताई,

तुम्ही जपानच्या, म्हणून तुम्हाला इथे सगळे नावाला मानाचं 'सान' लावून हाक मारतात, मी पहिल्या दिवसापासून ताईच म्हणतेय. नाव कुठे लिहू नको म्हणालात म्हणून लिहीत नाही. मराठी तुम्हाला येत नाही, पुढच्या वेळी शेजारी बसून एकेक वाक्य समजावून सांगेन, पण आधी माझ्या भाषेत लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आईची पैठणी. येवल्याची, जांभळी. आई गेली त्याला दोन वर्षं होतील. मागच्या दिवाळीला ती नेसून निघाले आणि ट्रेनमधून उतरताना खालचा काठ दारात अडकला, टर्रकन आवाज झाला आणि मी प्लॅटफॉर्मवर उभी राहून लहान मुलीसारखी रडले.

त्यानंतर एका नावाजलेल्या दुकानात दिली. तीन महिने ठेवून घेतली आणि परत मिळाली तेव्हा फाटलेल्या जागी मशीनने जाड पॉलिस्टरचा दोरा मारलेला, काठ चुरगळून गोळा झालेला, वर काउंटरवरचा माणूस म्हणतो एवढं जुनं कापड आहे, नवीनच का घेत नाही. दुसऱ्या ठिकाणी तर पिशवीतून साडी बाहेरही काढू दिली नाही. आजही त्या रस्त्याने जाताना छातीत दुखतं, खोटं कशाला सांगू.

तुमच्याकडे आले तेव्हा आशा सोडलेली होती. तुम्ही साडी टेबलावर पसरलीत, उलटी केलीत, फॉलवरून बोट फिरवत खूप वेळ काहीच बोलला नाहीत. मग विचारलंत, हे कुणी शिवलंय, त्या डावखुऱ्या होत्या का?

ताई, माझी आई डावखुरी होती. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. टाक्यांच्या तिरकेपणावरून तुम्हाला कळलं. आणि मग तुम्ही कात्री बाजूला ठेवलीत. रफूसाठी फॉल काढावाच लागणार होता, कुणीही कचाकचा कापून दोरे झटकून टाकले असते, तुम्ही सुईच्या टोकाने एकेक टाका उसवत बसलात, निघालेला दोरा पांढऱ्या पुठ्ठ्यावर गुंडाळत गेलात आणि शेवटी त्यावर पेन्सिलीने लिहिलंत, ओकासान. जपानीत आई. तो पुठ्ठा माझ्या हातात दोन्ही हातांनी दिलात. तेव्हा मला धड थँक्यू पण म्हणता आलं नाही.

तुम्हीच सांगितलंत की किमोनोचं कापड 36-38 सेंटीमीटर पन्ह्याचं, सरळ पट्ट्यांत कापलेलं, आणि पूर्वी नीट धुवायचा तर अख्खा उसवून पट्ट्या पुन्हा जोडायच्या, मग धुवायचं, ताणून वाळवायचं आणि परत शिवायचं. तुमच्या आजीने असेच दोरे जपले होते म्हणे. उसवण्यालासुद्धा इतका मान असू शकतो हे मला माहीत नव्हतं.

आणि मग ती दुपार. टेबलाच्या एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला अपेन्झेलच्या त्या आजी, ज्यांनी आयुष्यभर पांढऱ्यावर पांढरं बारीक भरतकाम केलं, आणि मधे माझ्या आईची पैठणी. तुम्ही काकेत्सुगी करत होतात, म्हणजे साडीच्याच आत खोचल्या जाणाऱ्या टोकातून धागे काढून फाटक्या जागी पुन्हा विणत होतात, आणि आजी मागून आधाराला तलम जाळी लावत होत्या. त्यांना जपानी येत नाही, तुमचं जर्मन त्यांच्या बोलीपुढे थकतं, तरी एकीने बोट ठेवलं की दुसरी सुई तिथेच नेत होती. तुमचे क्योटोतल्या निशिजिनच्या ओबीचे, म्हणजे किमोनोवरच्या रुंद कमरपट्ट्याच्या कापडाचे, जॅकेट आणि त्यावरची सेंट गालेनची लेस सगळे बघतात, कौतुक करतात, करायलाच हवं, पण मला विचाराल तर तुमचं खरं काम त्या टेबलावर चालतं.

मधेच चहा पिताना तुम्ही जपान आणि स्वित्झर्लंडमधला 1864 चा करार सांगितलात, स्विस दूत एमे हुंबेर फेब्रुवारीत एडोत, म्हणजे आजच्या टोकियोत, सही करून आले ते, आणि त्यांच्याच शिष्टमंडळातले ब्रेनवाल्ड पुढच्या वर्षी झीबर या भागीदाराबरोबर योकोहामात पेढी काढून रेशमाचा व्यापार करू लागले ते. युरोपात रेशमाच्या किड्यांवर रोग पडला होता, जपानच्या रेशमाला मागणी होती. म्हणजे या दोन देशांची ओळख धाग्यानेच घट्ट झाली म्हणायची. आजी म्हणाल्या व्यापाऱ्यांची नावं राहिली, शिवणाऱ्या बायकांची कुणी लिहिली नाहीत. तुम्ही नुसती मान हलवलीत आणि माझ्याकडे बघून आईचं नाव विचारलंत. मी सांगितलं, तुम्ही दोघींनी ते दोनदा म्हणून पाहिलंत, बरोबर उच्चार येईपर्यंत.

परक्या गावात माणूस कागदपत्रांनी राहतो पण रुजतो असल्या वागण्याने. तुम्हाला माझ्याकडून काय मिळणार होतं? मोठी ऑर्डर नाही, फोटो नाहीत, तरी इतका वेळ दिलात. ज्यांना पैसे मोजले त्यांनी साडी फेकल्यासारखी परत केली, आणि तुम्ही दोऱ्यालाही नाव दिलंत.

काठ आता असा झालाय की बोट फिरवल्यावरच कळतं. पुठ्ठा मी देवघरात ठेवलाय, बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवला तर ते म्हणाले कॅमेरा जवळ धर, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुढच्या महिन्यात तुमच्या टेबलावर येतेय, पैठणी नेसून. पुरणपोळ्या आणते, आजींना जायफळ जास्त आवडलं होतं ते लक्षात आहे.

तुमची,
डावखुऱ्या बाईची लेक