मुखपृष्ठावरचे ‘आंतरराष्ट्रीय’

महोदय,

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘यूजीसी-केअर’ ही मान्य संशोधन नियतकालिकांची यादी बंद करून अशा नियतकालिकांची पारख उच्च शिक्षण संस्थांवर सोपवली, त्यावरील आपला अग्रलेख पटला. मात्र आमच्याकडच्या तालुक्याच्या महाविद्यालयांत ही पारख कशी होणार, याची काळजी वाटते. मुखपृष्ठावर ‘आंतरराष्ट्रीय’ आणि खाली आयएसएसएन हा नियतकालिकाचा क्रमांक छापलेला दिसला की अनेकांना तेवढे पुरते. वास्तविक हा आठ अंकी क्रमांक केवळ ओळखीपुरता असतो. दर्जाची हमी तो देत नाही. नियतकालिक आंतरराष्ट्रीय ठरते ते संपादक, लेख छापण्याआधी तपासणारे तज्ज्ञ परीक्षक, लेखक आणि वाचक अनेक देशांतले असल्यामुळे. पैसे भरताच आठवडाभरात लेख छापला जात असेल, तर परीक्षण होते तरी कधी? उलट कपाशीवरील गुलाबी बोंडअळीवर किंवा पूर्व विदर्भातील झाडीबोलीवर कसून तपासलेले लेख देणारे प्रादेशिक नियतकालिकही मुळीच कमी प्रतीचे नाही. पदोन्नतीच्या चिंतेत असलेले तरुण सहकारी यात नाहक नाडले जातात. महाविद्यालयीन समित्यांनी संपादक मंडळातील व्यक्तींना थेट ई-मेल करून त्यांची संमती विचारावी आणि परीक्षकांचे अभिप्राय लेखकाकडून मागवून पाहावेत.

– एक प्राध्यापक, दारव्हा (जि. यवतमाळ)