वारा कधी पोहोचणार, तेही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

चक्रीवादळ किनाऱ्यावर किती वाजता धडकणार, हे बातमीत ठळक छापलेले असते आणि घरोघरी तयारीचा हिशेब त्याच वेळेवरून मांडला जातो. तिथेच चूक होते. ती वेळ वादळाच्या केंद्राची असते. ताशी ६० किलोमीटरचा वारा केंद्राभोवती २०० किलोमीटरपर्यंत पसरलेला असेल आणि वादळ ताशी २० किलोमीटर वेगाने सरकत असेल, तर तो वारा १० तास आधीच दारात येतो. अशा वाऱ्यात शिडीवर चढणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून बाहेरची सगळी कामे त्याआधी उरकायला हवीत.

हे मोलाचे तास अनेक जण काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारण्यात घालवतात. त्याने काच जराही मजबूत होत नाही; उलट फुटली तर मोठे, जास्त घातक तुकडे एकदम आत येतात. काच बहुधा उडत आलेल्या वस्तूने फुटते. तेव्हा आधी कुंड्या, खुर्च्या, सुटे पत्रे, सायकली आत घ्या. मग १६ मिलिमीटरचे प्लायवूड लावा. ते खिडकीपेक्षा चारही बाजूंनी किमान १० सेंटिमीटर मोठे हवे आणि त्याचे स्क्रू चौकटीत नव्हे, भिंतीत जायला हवेत. चौकटीत मारलेले स्क्रू चौकटीसकट उपटून निघतात. आख्खा ताव एकट्याने उचलू नका. वाऱ्याचा एक झोत आला की त्याचे शीड होते.

खिडकी थोडी उघडी ठेवली की आतला-बाहेरचा दाब सारखा होतो, हा समज फार जुना आणि तितकाच धोक्याचा. आत शिरलेला वारा छताला खालून ढकलतो, बाहेरचा वरून ओढतो, आणि छप्पर उडते. खिडक्या बंदच ठेवा, आतल्या खोल्यांची दारेही लावून घ्या.

गच्चीवरची प्लास्टिकची टाकी काठोकाठ भरा. रिकामी टाकी वाऱ्याने उडते. भरलेली जागची हलत नाही आणि पुढे पाणीही पुरवते. गच्ची आणि बाल्कनीतल्या पाण्याच्या वाटा हात घालून मोकळ्या करा. पाला अडकून त्या तुंबल्या की पाणी दाराच्या फटीतून घरात येते.

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला ४ लिटर, निदान ३ दिवसांचे धरा: चौघांना ४८ लिटर. संडासासाठी बादल्या वेगळ्या. नंतर नळाच्या पाण्याची शंका आली तर ते उकळा. इंधन नसेल तर ५ ते ६ टक्क्यांचे, बिनवासाचे साधे ब्लीच लिटरला २ थेंब घालून अर्धा तास थांबा.

वीज गेल्यावर बंद फ्रिज ४ तास टिकतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. म्हणून फ्रीझरच्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवा, पण वर थोडी जागा सोडून, बर्फ फुगतो. एका वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणे ठेवा. घर सोडून जावे लागले तर परतल्यावर ते नाणे पाहा. वाटीच्या तळाशी गेलेले असेल तर मधे सगळे वितळून पुन्हा गोठले आहे. अन्न टाकून द्या.

जनरेटर घरात, व्हरांड्यात किंवा गॅरेजमध्ये कधीही चालवू नका. तो बाहेर, दारे-खिडक्यांपासून किमान ६ मीटर दूर हवा, कारण त्याच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खोचणे तर मुळीच नको. वीज उलटी तारेवर जाते आणि खांबावर काम करणाऱ्या कामगाराचा जीव जातो.

आणि एक. वारा अचानक पडला, आभाळ उघडले, तरी प्लायवूड काढायला बाहेर येऊ नका. ते वादळाचे केंद्र असू शकते. थोड्याच वेळात तितकाच वारा उलट्या दिशेने येतो, आणि आतापर्यंत आडोशाला असलेली बाजू त्याच्या तोंडी येते.

हवामान खात्याच्या पत्रकांत वाऱ्याचा पसारा दिलेला असतो. धडकण्याच्या वेळेशेजारी आपण सोसाट्याचा वारा पोहोचण्याची वेळही छापावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक