पत्त्यांमधील ‘पास’ आणि वेगाविषयीचा गैरसमज

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पत्त्यांच्या जादूवर आलेला लेख आवडीने वाचला. ‘पास’ या जुन्या हातचलाखीबद्दल लिहिताना लेखकाने असे म्हटले आहे की, जादूगाराचा हात प्रेक्षकाच्या डोळ्यापेक्षा वेगवान असतो आणि पासचे सारे रहस्य त्या वेगातच आहे. ही समजूत सर्वत्र रुळलेली असली, तरी पासची रीत आणि त्यावरचे जुने लेखन पाहता ती टिकत नाही, म्हणून हे पत्र.

प्रेक्षकाने निवडलेला पत्ता कॅटच्या मध्यात परत गेला की, कॅटच्या वरच्या व खालच्या भागांची गुपचूप अदलाबदल करून तो सर्वांत वर आणणे, एवढेच पासचे काम असते. कॅट डाव्या हातात असतो आणि निवडलेल्या पत्त्यावर वरचा भाग ठेवतानाच मध्ये करंगळीचे टोक सरकवून फट राखलेली असते. उजवा हात वरून येतो आणि खालचा भाग दोन्ही टोकांशी धरतो. अंगठा स्वतःकडच्या टोकाला, मधले बोट समोरच्या टोकाला. वरचा भाग डाव्या हाताच्या बोटांत अडकलेला असतो, करंगळी त्याच्या खालून आणि बाकीची तीन बोटे वरून. ही बोटे किंचित सरळ झाली की वरचा भाग उजवीकडे ओढला जातो, खालचा भाग डाव्या अंगठ्याच्या बेचक्याच्या आधाराने वर उचलला जातो, दोघांच्या कडा एकमेकींना जेमतेम चुकवतात आणि बोटे पुन्हा मिटताच काम झालेले असते. समोरच्या बाजूने हे सारे उजव्या हाताच्या जुळवून ठेवलेल्या बोटांच्या आड घडते.

यात वेग वाढवून काय साधते? कडा एकमेकींवर आपटून आवाज होतो, मनगटाला झटका बसतो, आणि नेमक्या त्या झटक्याकडे प्रेक्षकाची नजर वळते. अनुभवी जादूगार पास करतो तो प्रेक्षकाने नजर वर उचलल्यावर: त्याला एखादा प्रश्न विचारला जातो, तो उत्तर देण्यासाठी चेहऱ्याकडे पाहतो, आणि सैल सोडलेले हात कॅट नीट करण्याच्या निमित्ताने आपले काम उरकतात. पास मध्यम गतीने झाला तरी अशा वेळी तो दिसत नाही. हातांकडेच टक लावून बसलेल्या माणसासमोर मात्र कितीही चपळाई अपुरी पडते.

जाणकारांनी हे फार पूर्वी लिहून ठेवले आहे. एस. डब्ल्यू. अर्डनेस या नावाने १९०२ साली शिकागोत प्रसिद्ध झालेल्या, पत्त्यांच्या हातचलाखीवरील सर्वांत प्रभावी मानल्या जाणाऱ्या पुस्तकात पासचे अनेक प्रकार आकृत्यांसह दिले आहेत. तरीही लेखक तिथेच स्पष्ट करतो की, हात स्थिर ठेवून, काहीतरी हालचाल झाली हे मुळीच कळू न देता करता येईल असा पास अजून शोधला गेलेला नाही. जुगारी माणूस प्रतिस्पर्ध्याने कॅट कापल्यावर तो पूर्ववत करण्यासाठी पासचा उपयोग करू पाहतो; पण त्या टेबलावर सर्वांचे डोळे त्याच्या हातांवर खिळलेले असतात, आणि तिथे त्याला पासचा भरवसा धरता येत नाही. जादूगाराला बोलण्याची, थांबण्याची, हसवण्याची मुभा असते आणि त्याचा पास त्या मुभेवर उभा असतो. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही.

कॅटचे दोन लहान भाग वरून खाली घेऊन किंवा पत्ते विशिष्ट रीतीने पिसूनही तोच पत्ता वर आणता येतो आणि ते कितीतरी सोपे आहे, त्यामुळे आज अनेक जण पासच्या वाटेला जात नाहीत. त्यांना दोष देता येणार नाही. तरी पत्ता परत गेल्यानंतर कॅटला काहीच झाले नाही, असा जो भास पास निर्माण करतो, तो या उपायांनी मिळत नाही. पिसणे प्रेक्षकाला दिसते आणि लक्षातही राहते.

व्हिडिओंमुळे रहस्ये उघडी पडून ही कला संपत चालली आहे, ही लेखातील खंतही मला पटली नाही. इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट यांनी चेटूक आणि हातचलाखी यांतील फरक दाखवण्यासाठी पत्त्यांच्या युक्त्या १५८४ सालीच छापल्या होत्या. फ्रान्सचे विख्यात जादूगार रोबेर-ऊदँ यांनी १८६८ साली, तर प्रोफेसर हॉफमन या टोपणनावाने लिहिणाऱ्या इंग्रज वकिलाने १८७६ साली पासची कृती पुस्तकातून सर्वांसाठी खुली केली. त्यानंतरही विसाव्या शतकात डाय व्हर्नन यांच्यासारखे कलावंत घडले, आणि तेही अर्डनेसचे ते पुस्तक लहानपणापासून घोकून.

शेवटी एक दुरुस्ती. आपल्या लेखात अर्डनेस हे त्या लेखकाचे खरे नाव असल्याप्रमाणे आले आहे. ते टोपणनाव आहे. इंग्रजी अक्षरे उलट्या क्रमाने वाचली तर ‘ई. एस. अँड्र्यूज’ असे नाव निघते, आणि त्यावरून अनेकांनी शोध घेतला असला, तरी तो माणूस कोण होता याबद्दल अभ्यासकांत अजूनही एकमत नाही. लेखमालेच्या पुढील भागात एवढा खुलासा छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक