वीज केंद्रातला मेकॅनिकल इंजिनिअर

महोदय,

वीज केंद्रातली नोकरी म्हणजे इलेक्ट्रिकलवाल्यांची, हा समज मेकॅनिकलच्या मुलांनी मनातून काढून टाकावा. वाफ तयार करणारा बॉयलर, त्या वाफेवर फिरणारे टर्बाइन, वाफेचे पुन्हा पाणी करणारा कंडेन्सर, पंप हा सगळा पसारा त्यांच्याच विषयाचा. ऑपरेशनमध्ये शिफ्ट ड्यूटी असते; नियोजन, सुरक्षितता, कार्यक्षमता चाचण्या याही वाटा आहेत. पण यंत्र खरे कळते ते मेंटेनन्समध्ये. मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरणाऱ्या टर्बाइनच्या बेअरिंगचे कंपन जरा वाढले, की कारण शोधत बसावे लागते: अलाइनमेंट, म्हणजे दांड्यांची सरळ रेष, बिघडली की तेलात काही दोष आहे? टर्बाइन-जनरेटरचा संच बंद केल्यावरही तापलेला रोटर (टर्बाइनचा फिरणारा भाग) वाकू नये म्हणून तो तासन् तास सावकाश फिरवत ठेवतात. महाविद्यालयांनी मुलांना मोठ्या दुरुस्तीच्या काळातच केंद्रात पाठवावे. उघडलेले टर्बाइन तेव्हाच बघायला मिळते.

– एक निवृत्त मेंटेनन्स इंजिनिअर