चाचांना तूच फोन कर

छत्रपती संभाजीनगर

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. माझे बीपी गोळीवर आहे आणि आईचा गुडघा सध्या तक्रार करीत नाही.

मागच्या आठवड्यात, आपल्या जुन्या कागदांच्या स्कॅन केलेल्या फाइलींवर रात्री लावून ठेवलेल्या चेकसम तपासणीत (प्रत्येक फाइलीवरून काढलेली हॅश नावाची अक्षरांची ओळ आधीच्या ओळीशी जुळते का, हे पाहणे) एक फाइल जुळली नाही. फसली १३४० च्या (इ.स. १९३०-३१) आसपासचे, कडा वाळवीने खाल्लेले ते रजिस्टर तुला आठवत असेल. त्यातलेच पान, तू स्वतः स्कॅन केलेले. फाइलीतला एक बिट बदलला तरी हॅशची ६४ अक्षरांची सबंध ओळ बदलते हे ठाऊक असूनही ती ओळ पाहून माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या इमारतीतल्या डिस्कवरची प्रत शाबूत निघाली, तिचा हॅश जुळला, आणि मगच मी घरी गेलो. सकाळी साहेब म्हणाले, "फाइल मिळाली ना? मग झाले तर." ती रात्र कशी गेली हे सांगायला तुझ्याखेरीज मला कोणी सुचले नाही. तू तेव्हा फक्त जेपीईजी, म्हणजे दाबून लहान केलेली चित्रे, ठेवायचा हट्ट धरला होतास आणि त्यापायी आपण चहासुद्धा वेगवेगळ्या टपऱ्यांवर प्यायलो होतो. न दाबलेल्या साध्या टिफ फाइलीत चित्रातला एक बाइट बिघडला तर एखादा ठिपका जातो, जेपीईजीत तिथून पुढचे पान विस्कटू शकते. आता तरी हार मान, आणि दंड म्हणून इम्रती घेऊन ये.

फाइलीला दुसरी प्रत होती. आपल्या उर्दू वाचणाऱ्या चाचांना नाही, आणि चाचांनी राजीनामा दिला आहे.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने निजामकालीन कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हापासून आपल्या व्हरांड्यात शाळेचे जुने दाखले घेऊन माणसे बसू लागली. मोडी वाचणारे शोधले तर मिळतात, पण घाईत लिहिलेली शिकस्ता उर्दू सरळ वाचणारे आपल्याकडे चाचाच. एका नावासाठी भिंग घेऊन अर्धा तास थांबणारा हा माणूस शेवटी शेवटी पान न वाचताच "पुढे ढकला" म्हणू लागला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचे वर्णन करताना, थकवा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना यांच्याबरोबर, कामापासून मन तुटणेही सांगितले आहे. ते मी चाचांच्या टेबलावर रोज पाहत होतो.

मला राग येतो तो याचा की हे काम कधीच संपणारे नाही, आणि आपल्याला मात्र ते संपणाऱ्या प्रकल्पासारखे दिले जाते. साठा ठेवायच्या चुंबकीय टेप वाचणारा नव्या पिढीचा एलटीओ ड्राइव्ह मागच्या एक-दोन पिढ्यांपलीकडच्या टेप वाचत नाही, म्हणून सगळा साठा काही वर्षांनी नव्या टेपवर हलवावाच लागतो, डिस्कचेही तेच. ती जबाबदारी वाहणारा माणूस अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर, मध्ये खंड देऊन पुन्हा घेतलेला, आणि त्याचे मोजमाप दिवसाला किती पाने स्कॅन केली यावर! तपासणी, नोंदी, प्रती हलवणे हे त्या तक्त्यात बसतच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागून बॅकअप नसलेला ८५८ टेराबाइटचा साठा गेला, तेव्हा आमच्याकडून तातडीने अहवाल मागवला गेला. तो मी रात्री जागून लिहिला, त्यात माणसे वाढवा असेही लिहिले. माणूस एकही वाढला नाही.

आता मी कायम जागांची मागणी करणारे निवेदन तयार करतो आहे, त्यात जुनी लिपी वाचणाऱ्याची जागा पहिली. त्यावर तुझी सही हवी, कारण पहिले स्कॅनर तू बसवलेस.

हैदराबादची हवा मानवली का? छोटीची बारावी कशी गेली? वहिनींना नमस्कार. सविस्तर बोलूच.

चाचांचा राजीनामा अजून वर गेलेला नाही, महिनाअखेरपर्यंत टेबलावरच आहे. माझ्याशी ते बोलायचे टाळतात. तुझे ऐकतात. त्यांना परत ये म्हणू नकोस, आधी महिनाभर सुट्टी घ्या म्हण. ती मी मंजूर करून घेतो.

तुझा,
विठ्ठल